एक बुडी कमी

माझ्या काखेला कलेच्या इतिहासात कधी जागा मिळालीच, तर ती शेखबाईंमुळे मिळेल. वेल्ह्याच्या थंडीत, नीट उजाडायच्या आधी, तोरण्याकडे तोंड करून मी रस्त्याच्या कडेला उभी असायची. अंगात स्वेटर, स्वेटरवर शाल, शालीवर दुसरी शाल, आणि या सगळ्याच्या आत, डाव्या काखेत, नुकताच कॅमेऱ्यातून बाहेर पडलेला फोटो. शेखबाई बजावायच्या, "निकमबाई, हलू नका. आत्ता डोंगर उमटत असेल." आपल्या काखेत तोरणा उमटतोय ही कल्पना ऐकायला भव्य वाटते. प्रत्यक्षात गुदगुल्या होतात.

हमीदा शेख आमच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या आणि मी भूगोल. नव्वदचं दशक संपत आलं होतं. वेल्हे म्हणजे तेव्हा तहसील कचेरी, चार दुकानांचा बाजार, एसटीचा थांबा आणि डोक्यावर तोरणा. बाहेरगावच्या शिक्षिकांना राहण्याजोगी एकच खोली मिळाली, ती आम्ही वाटून घेतली. मी सासवडची. इथल्या शांततेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करून मोठी अधिकारी व्हायचं, असं ठरवून मी आले होते. शांतता भरपूर मिळाली आणि मी तिच्यात झोपले. शेखबाई भोरच्या, माझ्याहून थोड्या मोठ्या, उंच, काटक, आणि पहाटे उठणाऱ्या. एका चुलीवर जेवलो, एका आजारपणात एकमेकींचे पाय चेपले, पण शेवटपर्यंत आमचं अहोजाहो सुटलं नाही. भांडतानाही आम्ही "तुम्ही मूर्ख आहात" असंच म्हणायचो.

त्यांचा कॅमेरा झटपट फोटोचा होता. भावानं मस्कतहून आणलेला. बटण दाबलं की घर्र करून पुढच्या फटीतून जाडसर कागद बाहेर यायचा आणि बघता बघता त्यावर चित्र उमटायचं. माणसं अशा कॅमेऱ्यानं बारशाचे नाहीतर वाढदिवसाचे फोटो काढतात. शेखबाई डोंगराचे काढायच्या, आणि तेही मुद्दाम खोट्या रंगात. आकाशकंदिलाला लावतात तो जिलेटीनचा कागद त्यांनी दिवाळीनंतर पोरांकडून गोळा करून ठेवलेला असायचा. भिंगापुढे कधी तांबडा धरायच्या, कधी पिवळा, कधी दोन्ही एकावर एक. भावाकडून येणारी फिल्म मुदत उलटलेली असायची, ती आपल्या मनाचा एखादा रंग वरून मिसळायची. त्यात पुन्हा हवामान. थंडीत फोटो निळा पडायचा, उन्हात तांबूस व्हायचा. म्हणून मग काख. त्यांच्या स्वतःच्या अंगात ऊब धरून ठेवण्याइतकं मांसच नव्हतं. माझ्याकडे ते देवानं हात सैल सोडून दिलं होतं आणि मराठी शाळेत त्याचा दुसरा काही उपयोगही नव्हता.

शेखबाईंना नुसता 'लाल' हा रंग मान्य नव्हता. वर्गात एखाद्या पोरानं "बाई, आभाळ निळं रंगवू का?" असं विचारलं, की त्या म्हणायच्या, "कुठला निळा? अस्मानी, मोरपंखी, का नीळ जास्त झालेल्या धोतराचा?" पोर गांगरून ढग काढायचं. मी हौसेनं घेतलेल्या गुलाबी साडीला त्यांनी पहिल्याच दिवशी "अबोली आहे ती, दुकानदारानं फसवलं" असं सांगून टाकलं. नंतर मला त्या साडीत फसवलं गेल्यासारखंच वाटायचं. डोंगरही त्यांना साड्यांसारखे दिसत. श्रावणातला पोपटी, दसऱ्याला केतकी, माघात कुठं तपकिरी आणि कुठं डाळिंबी. "आज राजगडानं अंजिरी नेसलंय," असं त्या एसटीच्या खिडकीतून बघून मोठ्यानं म्हणायच्या आणि कंडक्टर माझ्याकडे बघायचा.

या खुळाची सुरुवात साध्या कॅमेऱ्यानं झाली होती. जिलेटीन लावून काढलेला अख्खा रोल त्यांनी पुण्याला धुवायला दिला. फोटो आले ते हिरवीगार झाडं आणि पांढरेशुभ्र ढग घेऊन. शेखबाई जाब विचारायला गेल्या, मी पिशवी धरायला. काउंटरवरचा माणूस भला होता. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या सगळ्या फोटोंवर लाल झाक आली होती. आमच्या मशिनवर काढून टाकली. अगदी नॅचरल करून दिलेत." शेखबाईंनी फोटोंची चळत पुन्हा पाकिटात भरली. मग म्हणाल्या, "उद्या सूर्य मावळताना लाल झाला तर त्याला पण इथंच पाठवू का?" त्या माणसानं मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पावती दिली. त्या दिवसापासून मधला माणूस नको म्हणून झटपट कॅमेरा आला. मधली बाई मात्र राहिली.

हे सगळं कशासाठी, ते मला भोरला गेल्यावर कळलं. तिथं त्यांचे वडील होते. रज्जाकचाचा. सगळं भोर त्यांना रंगारीचाचा म्हणायचं. लुगडी, फेटे, लग्नातले शेले, सगळं त्यांच्या भट्टीवर रंगायचं. पुढं तयार रंगीत कापड इतकं आलं की रंगवायला कोण देतो? भट्टी विझली. त्याच सुमाराला शेखबाईंची आई गेली. चाचा घरापुढच्या ओट्यावर बसले ते बसलेच. नमाज घरात, जेवण ओट्यावर, बाजार नाही, पाहुणे नाहीत. गुडघ्यांचं कारण सांगायचे. डॉक्टर म्हणायचे, गुडघे ठीक आहेत, चाचांनी चालायला हवं. चाचा म्हणायचे, डॉक्टर नवा आहे.

त्यांचं एक पालुपद होतं. "कुसुंबी संपला. आता जगात रंग ऱ्हायलाच न्हाई." कुसुंबी म्हणजे करडईच्या फुलाचा लाल. चाचांच्या सांगण्याप्रमाणे तो काढणं मोठं चिकाटीचं काम. फुलाला आधी पिवळा सुटतो, तो धुऊन धुऊन फेकून द्यायचा. पिवळा पुरा गेला की मग खार घालून, लिंबू पिळून आतला लाल बाहेर काढायचा. त्यात कापडाला बुडी द्यायची, वाळवायचं, पुन्हा बुडी द्यायची. नवरीचा शेला त्यात निघायचा. शेखबाई वेल्ह्याला रुजू व्हायला पहिल्या एसटीनं येत होत्या, तेव्हा त्यांना तोरण्याच्या कड्यावर उगवतीचं ऊन पडलेलं दिसलं आणि त्या ओरडल्याच, "कुसुंबी!" शेजारची म्हातारी दचकून सरकून बसली म्हणे. त्यांनी हे चाचांना सांगितलं. चाचा म्हणाले, "आनून दाखीव."

"मला त्यांना त्या ओट्यावरून उठवायचंय, निकमबाई," शेखबाईंनी मला एकदाच सांगितलं. "रंग संपला म्हणून बसलेत ना? मग रंग आहे असं दिसलं तर उठतील." एवढं बोलून त्या जिलेटीन पुसायला लागल्या. मला त्या वेळी हे तर्कशास्त्र भाबडं वाटलं होतं. पण काखेचं काम मी त्यानंतर तक्रार न करता केलं, निदान मोठ्यानं तक्रार न करता.

शनिवारी अर्धी शाळा सुटली की त्या भोरला निघायच्या, नसरापूरला गाडी बदलून, आणि बऱ्याचदा मीही जायची, कारण चाचांच्या घरचं जेवण चांगलं असायचं. ओट्यावर चाचांपुढे आठवड्याचा फोटो ठेवला जायचा. चाचा तो उन्हात धरायचे, सावलीत धरायचे, अंगठा ओला करून कोपऱ्यावर घासायचे. डोंगर कुठला, किल्ला कुठला, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. मग निकाल लागायचा. "कच्चा हाय. एक बुडी कमी." कधी "हा गुलाबाकडं गेला." कधी "ह्यात काळं पडलंय, भांडं न्हाई धुतलं." शेखबाई वहीत न लिहिता, शाळकरी पोरीसारख्या उभ्यानं ऐकून घ्यायच्या. परतीच्या गाडीत लगेच उद्याच्या रविवारचा बेत सुरू व्हायचा. दोन तांबडे आणि अर्धा पिवळा? का फिल्मच आधी पत्र्यावर तापवून घ्यायची?

तापवण्यावरून आठवलं. एका रविवारी दव फार होतं आणि मला सर्दी होती. उभं राहणं जीवावर आलं. शेखबाई पुढच्या फोटोसाठी बांधावर चढल्या तेवढ्यात मी काखेतला फोटो घेऊन खोलीवर आले. भूगोल शिकवते म्हणजे उष्णतेचं वहन वगैरे मला कळतं, असा माझा समज होता. काखेपेक्षा तवा बरा, असं ठरवून मी तो फोटो भाकरीच्या तव्यावर जरा वर धरला. जरा म्हणजे माझ्या मते जरा. कागद पापडासारखा फुगला, एका बाजूनं करपला आणि मधे असा काही रंग आला की त्याला नाव देणं मला जमेना. शेखबाई आल्या, बघितलं, आणि "निकमबाई, तुम्ही हे भाजलंत?" एवढंच म्हणाल्या. तो शनिवार येईपर्यंत मी स्वयंपाक केला नाही, त्यांनी करू दिला नाही.

पण त्यांनी तोही फोटो चाचांना दाखवलाच. चाचा त्याच्याकडे बघून चमकले. "हा कुनी केला?" मी पुढं झाले. "हात हाय," चाचा म्हणाले. "फकस्त डोंगुर दिसत न्हाई." माझ्या कलाजीवनातली ही एकमेव दाद. मी ती पुढची कित्येक वर्षं ज्याला त्याला सांगितली, अर्थात दुसरं वाक्य गाळून.

मग पिवळ्या फोटोचं प्रकरण झालं. वेल्ह्याच्या वर, चढावर, मेंढरं राखणाऱ्या धनगरांची चार घरं होती. तिथले ढेबेबाबा शाळेत नातवाला सोडायला यायचे तेव्हापासून ओळखीचे. त्यांच्या वस्तीवरून कडा समोरासमोर दिसतो म्हणून आम्ही एका सुट्टीच्या दिवशी चढून गेलो. मी पोचले तेव्हा शेखबाईंचा चहाही पिऊन झाला होता. वस्तीच्या कडेला झाडाखाली शेंदूर लावलेले तीन दगड होते, तो त्यांचा खंडोबा. शेखबाईंनी देव पुढं आणि कडा मागं घेऊन फोटो काढला. दुपार तापली होती, फिल्म जुनी होती, जिलेटीन पिवळं होतं. हळूहळू कागदावर देव पिवळा, झाड पिवळं, डोंगर पिवळा, आणि कड्याच्या अगदी टोकाला एक बारीक तांबूस रेघ उमटली. शेखबाईंनी रेघेखाली नख धरलं. "ही बघा," त्या म्हणाल्या. "ही बघा. इथं आहे तो."

ढेबेबाबांनी डोकावून बघितलं आणि पागोटं काढलं. "द्येवा!" ते म्हणाले. "आवं, म्या अजून भंडारा उधळला बी न्हाई. आन् ह्यो बगा, सारा डोंगुर माखलाय." त्यांनी फोटो दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला, घरात हाक मारली. बायका आल्या, पोरं आली. बघता बघता फोटोला कुंकू लागलं आणि तो तीन दगडांच्या मधे उभा राहिला. शेखबाई चाचरत म्हणाल्या, "बाबा, तो साधा कागद आहे. जिलेटीनमुळं पिवळा झालाय. उन्हात रंग उडून जाईल त्याचा."

"उडंल की," ढेबेबाबा म्हणाले. "भंडारा उडतोच, बाई. परत टाकायचा."

इतक्या महिन्यांत जमलेला एकुलता एक कुसुंबी, रेघेएवढा का होईना, तिथं देव होऊन बसला होता. कोंबडं कापायच्या गोष्टी सुरू झाल्या तेव्हा आम्ही निघालो. उतरताना मला वाटलं, बाई आता रडणार, आणि मी सांत्वनाची दोन वाक्यं तयार ठेवली. त्या मधेच थांबल्या आणि इतक्या हसल्या की त्यांना बांधावर बसावं लागलं. "अब्बांनी पास नाही केला आणि थेट देवानं केला," त्या म्हणत होत्या. माझी दोन वाक्यं वाया गेली. पुढं एका शोकसभेत वापरली.

शनिवारी भोरला आम्ही मोकळ्या हातांनी गेलो. शेखबाईंनी घडलं ते सगळं सांगितलं. चाचा ऐकताना पांघरुणाचा काठ चिवडत होते. मग एकदम तापले.

"धनगर म्हनला भंडारा?"

"हो अब्बा."

"पिवळा? अगं, पिवळा पैला येतो. त्यो फेकायचा असतो! आन् तू त्याच्यावर खूश?"

"कोपऱ्यात लाल होता."

"त्याच्या द्येवाला म्या काय म्हनत न्हाई. द्येव त्याचा, त्यानं ठरवावं. पन रंगाचं त्यानं ठरवायचं? मेंढरं राखतोय त्यो! कोपऱ्यात व्हता म्हन. म्या बघतो कुठल्या कोपऱ्यात हाय ते."

"कसे बघणार? फोटो तिकडं आहे."

"फोटू गेला खड्ड्यात. डोंगुर हाय न्हवं जाग्यावर?" असं म्हणून चाचांनी ओट्याच्या खांबाला धरलं आणि उभे राहिले. गुडघे कडाकडा वाजले. शेखबाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथं काळंनिळं दिसत होतं. त्या रंगाचं नाव त्यांनी मला सांगितलं होतं, आता आठवत नाही.

शेजारच्याचा भाजीचा टेम्पो ठरला. चाचा पुढं ड्रायव्हरशेजारी आणि आम्ही मागं फ्लॉवरच्या पोत्यांवर. कामथडी ओलांडेपर्यंत चाचा ड्रायव्हरला गाडी कशी चालवायची ते शिकवत असल्याचं ऐकू येत होतं. वेल्ह्याला माझी खाट त्यांना गेली, मी चुलीपाशी आडवी झाले. सकाळी लवकर आम्ही निघालो. शाळेतली लाकडी खुर्ची शेखबाईंनी डोक्यावर घेतली, चाचांनी एका हातात काठी घेतली आणि दुसरा माझ्या खांद्यावर टाकला, आणि गावाबाहेरच्या वळणापर्यंत ते मला ऐकवत आले की थंडी लई, चहात पानी जादा, आन् ह्या बाई चालतात का लोळतात.

खुर्ची रस्त्याच्या कडेला मांडली. चाचा बसले. शेखबाईंच्या कॅमेऱ्यात फिल्मचा शेवटचा कागद होता. भाऊ पुढच्या वर्षीशिवाय येणार नव्हता, आणि अशी फिल्म आता मिळत नाही असंही त्यानं कळवलं होतं. त्यांनी भिंगापुढं तांबडं जिलेटीन लावलं, काढलं, पुन्हा लावलं. आमच्या अंगावर अजून सावलीच होती. मग वर, कड्याच्या माथ्याला, ऊन लागलं.

मी भूगोलाची बाई. तिरपे किरण, धूळ, वाळलेलं गवत, सगळं फळ्यावर काढून दाखवू शकते. पण तो रंग कड्यावरून खाली उतरत आला तेव्हा माझ्या तोंडून "अगं बाई" याहून शास्त्रीय काही निघालं नाही. चाचा खुर्चीत पुढं सरकले. त्यांचे ओठ हलत होते. "हाच," ते म्हणाले. "हमीदा, हाच गं. तुझ्या आईच्या शेल्याला दिला व्हता त्यो." थोड्या वेळानं म्हणाले, "हितं उलटं चाललंय. लाल आधी आन् पिवळा मागनं." खरंच, कडा पिवळा होत गेला आणि मग नेहमीचा दगड झाला. ऊन आमच्या पायांपर्यंत आलं.

"निघाला का फोटू?" चाचांनी वळून विचारलं.

शेखबाई कड्याकडं पाठ करून उभ्या होत्या. कॅमेरा पोटाशी धरलेला. त्या सगळा वेळ चाचांकडंच बघत होत्या.

"न्हाई अब्बा," त्या म्हणाल्या. वेल्ह्यात मी त्यांना कधी "न्हाई" म्हणताना ऐकलं नव्हतं. "बोटच हललं न्हाई."

"आगं कर्मे!" चाचा ओरडले. "इतकं म्हयनं कागुद नासलास, आन् समोर उभा ऱ्हायला तवा तुला झोप लागली? ह्या जाड्या बाईनं सुदीक दाबलं असतं बटन!" ते खुर्चीवरून आपले आपण उठले, काठी आपटली. "आता उद्या परत यावं लागंल."

"उद्या सोमवार आहे. शाळा आहे."

"शाळा हाय म्हनून डोंगुर बंद असतो का?"

मी शालीत तोंड खुपसून रडले. कुणी विचारलंच तर सर्दी सांगायची ठरवलं होतं, पण कुणी विचारलं नाही.

चाचा परत भोरला गेलेच नाहीत, त्या हिवाळ्यात तरी नाही. माझी खाट कायमची गेली. रोज सकाळी बाप-लेक वळणावर जायची. पण आता नवाच घोळ झाला होता. शेवटचा कागद चाचा वापरू देईनात. पहिल्या दिवसाचा रंग पुन्हा यायला हवा, त्याहून कमी चालणार नाही. कधी धुकं, कधी ढग, कधी नुसतंच "एक बुडी कमी". काखेचं काम थांबलं. मी अंथरुणात पडून अभ्यास करत असल्याचं सोंग करायची. थंडी सरत आली तेव्हा माझी बदली सासवडकडे झाली. कुठल्याही परीक्षेचा त्यात हात नव्हता.

निघायच्या दिवशी मी पहिली एसटी धरली. शेखबाई थांब्यावर आल्या नव्हत्या. आदल्या संध्याकाळीच त्यांनी सांगून टाकलं होतं, "सकाळी मला जमणार नाही, निकमबाई. अब्बा थांबत नाहीत." मला राग आला होता. गाडी वळणावर आली तशी मी खिडकीची काच वर केली. रस्त्याच्या कडेला दोघं उभी होती. खुर्ची आणलेलीच नव्हती. शेखबाईंच्या डोळ्याला कॅमेरा होता, बोट बटणावर. चाचा एक पाऊल पुढं, आणि त्यांनी हात मागं, लेकीच्या दिशेनं, आडवा धरला होता. थांब. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, मी हात हलवला, नावानं हाकही मारली. दोघांपैकी कुणी वळून बघितलं नाही.